चौथ्या सीटवरचा सुळा

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर काढलेले ग्रुप फोटो एकदा झूम करून बघा. झब्बे, नऊवाऱ्या, गजरे, सगळं झकास. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोघं हमखास ओठ मिटून हसणारे. ‘अरे, नीट हस ना!’ म्हटलं की ते ओठ आणखी घट्ट मिटतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर तुमची स्टोरी मला बहुतेक माहितीये. सातवी-आठवीत दातांचा विषय निघाला, तेव्हा घरचे म्हणाले, ‘दहावी होऊ दे, मग बघू.’ दहावी झाली, बारावी झाली, क्लासच्या फिया भरता भरता दातांचं राहूनच गेलं. आणि आता एकविसाव्या वर्षी ‘क्लिपा लावू का?’ विचारलं, तर उत्तर येतं, ‘आता काय उपयोग? वय गेलं.’

वय गेलेलं नाही. मी बावीसची आहे आणि गेले सात महिने माझ्या वरच्या-खालच्या दातांवर तारा आहेत.

दात हाडात सिमेंटने चिणलेला नसतो. त्याचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेने दातावर हलका, पण सततचा दाब दिला की पुढच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. दात असा हाडातून वाट काढत सरकतो. हे बाराव्या वर्षी होतं, बावीसाव्या होतं आणि बेचाळीसाव्याही होतं. फक्त वेग गोगलगायीचा, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. किरकोळ केस लवकर आटपते, पण एरवी दीड ते दोन वर्षं धरूनच चाला. एका क्लिनिकमध्ये तर मी तोंड उघडायच्या आधीच मला ‘सहा महिन्यांत सरळ’चं पॅकेज सांगितलं गेलं. मी कूलरचं पाणी पिऊन परत आले.

आता सुळ्यांकडे येऊ, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं तेच असतं. कल्याणहून येणाऱ्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कसा बसतो, ते सांगायला नको. अर्धा आत, अर्धा पॅसेजमध्ये. वरचे सुळे तसेच. ते अकराव्या-बाराव्या वर्षी, म्हणजे बरेच उशिरा उगवतात. तोवर पुढच्यांनी आणि मागच्यांनी जागा पकडलेली असते. मग सुळा बिचारा हिरडीच्या वरच्या बाजूने, बाहेर लटकत प्रवास करतो. त्याला आत घ्यायचं तर जागा करावी लागते. कधी दातांची कमान थोडी रुंद करतात, कधी दातांच्या मधून केसभर घासतात, आणि गर्दी फारच असेल तर सुळ्याच्या मागची छोटी दाढ काढतात, बऱ्याचदा चारही बाजूंच्या. हे ऐकलं की घरात आजी पेटून उठते, ‘चांगले दात उपटायचे? कोणी सांगितलंय!’ आजीचा प्रश्न बरोबर आहे, तो तसाच्या तसा डॉक्टरांना विचारा. का काढायचे, नाही काढले तर काय होईल, काढल्यावर चेहऱ्यात काय फरक पडेल? ज्याला नीट सांगता येतं, त्याच्याकडे पुढचं बोलायला हरकत नाही.

मोठेपणी एक गोष्ट मात्र खरंच बदललेली असते. जबड्याची वाढ थांबलेली असते. शाळकरी मुलाचा खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या काळात त्याला उपकरणांनी पुढे यायला मदत करता येते. आपल्या वयात ती संधी उरत नाही. दोष फक्त दातांचा असेल तर तारा पुरतात. जबड्यांचाच मेळ बसत नसेल, तर एक तर दात अशा बेताने हलवतात की फरक झाकला जाईल, नाही तर तारांच्या जोडीला जबड्याची शस्त्रक्रिया लागते. तुमची केस यातली कोणती, हे आरशात बघून कळत नाही आणि रील बघून तर नाहीच नाही.

म्हणून पहिली पायरी ब्रेसेस निवडायची नाही, डॉक्टर निवडायची. बीडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यानंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट. आपल्याकडे, राम मारुती रोड असो की डोंबिवली पूर्व, खूपशा क्लिनिकांत ऑर्थोडॉन्टिस्ट बाहेरून येतात, महिन्यातून एक-दोनदा. त्यात काही गैर नाही. पण त्यांचं नाव काय, ते कोणत्या वारी येतात आणि मधल्या दिवसांत तार टोचायला लागली तर बघणार कोण, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. लाजू नका, तोंड तुमचं आहे.

चांगल्या पहिल्या भेटीत तारा लागतच नाहीत. फोटो काढतात, दातांची मापं किंवा स्कॅन घेतात, आणि दोन एक्स-रे होतात. एक ओपीजी, ज्यात सगळे दात आणि लपलेल्या अक्कलदाढा एका पट्टीत दिसतात, आणि दुसरा चेहऱ्याचा बाजूने. किडलेले दात भरून, दात साफ करून मगच पुढचं काम. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते आधी बरं करायला हवं, कारण सुजलेल्या हिरड्यांमध्ये दात हलवले तर दाताला धरून ठेवणारं हाडच कमी होऊ शकतं. तंबाखू-सिगारेटवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता बजेट. क्लिनिकगणिक फरक पडतो, पण आपल्या पट्ट्यात मेटल ब्रेसेस ढोबळमानाने ३० ते ६० हजारांत बसतात. दातांच्या रंगाच्या सिरॅमिक त्याहून महाग. पारदर्शक अलायनर्स लाखाच्या घरात किंवा त्यापुढे. बहुतेक ठिकाणी हप्ते मिळतात. पण आकडा ऐकून मान डोलावू नका. एक्स-रे, दात काढणं, तुटलेलं ब्रॅकेट परत चिकटवणं आणि शेवटचे रिटेनर यात धरलेत का, ते लिहून मागा.

हे झेपत नसेल तर डेंटल कॉलेज. सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च, विशेषतः सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजात, खूप कमी येतो. बदल्यात वेळ द्यावा लागतो. नंबर लागायला, आणि नंबर लागल्यावर खुर्चीतही. एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगते. तुमचा डॉक्टर पहिल्या वर्षाला आहे की तिसऱ्या, ते विचारा. तिसऱ्या वर्षाचा असेल तर तो पास होऊन जाईल आणि तुमची फाइल अर्ध्यात ज्युनिअरकडे जाईल. काम थांबत नाही, पण नवा डॉक्टर तुमचं तोंड नव्याने समजून घेणार.

हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. पुढच्या दीड वर्षात तुम्ही कुठे असाल? टीवायला असाल आणि मास्टर्सला पुण्याला जायचा विचार असेल, तर ते आधीच सांगा. दर चार-सहा आठवड्यांनी हजेरी लावायची आहे. घर किंवा कॉलेजच्या स्टेशनजवळचं क्लिनिक, हा माझ्या मते कोणत्याही ब्रँडपेक्षा मोठा मुद्दा.

ब्रँडवरून आठवलं. अलायनरचा शोध एका आपल्यासारख्याच विद्यार्थ्याच्या वैतागातून लागला. स्टॅनफर्डला शिकताना झिया चिश्तीला मोठेपणी ब्रेसेस लागल्या. नंतर रिटेनर घालताना त्याच्या लक्षात आलं की प्लॅस्टिकचा हा साचासुद्धा दात थोडा हलवतो. १९९७मध्ये त्याने केल्सी वर्थबरोबर कंपनी काढली, तीच इनव्हिझलाइनची. अलायनर्स काम करतात, यात शंका नाही. पण दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात. कटिंग, वडापाव, पुन्हा कटिंग असा दिवस असेल तर आधी विचार करा. आणि डॉक्टरांनी तोंडात न बघता घरपोच येणाऱ्या अलायनर्सपासून लांबच राहा. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी असा माल थेट ग्राहकाला विकायची. डिसेंबर २०२३मध्ये ती एकाएकी बंद पडली. लोकांचे दात अर्ध्या वाटेवर, आणि हप्तेवाल्यांना सांगितलं गेलं की पैसे मात्र भरत राहा.

तारा लागल्यावरचे पहिले तीन-चार दिवस पोळीसुद्धा चावत नाही. वरण-भात, खिचडी, केळं. तेव्हा व्हायव्हाच्या आदल्या दिवशीची अपॉइंटमेंट घेऊ नका. गालाला टोचलं तर मेण मिळतं, ते पर्समध्ये असू द्या. चकली, चिक्की, कणीस, ऊस दोन वर्षं बंद. पेरू बारीक चिरून. कबड्डी खेळत असाल तर ब्रेसेसवर बसणारा माउथगार्ड मागा. आणि पांढरे-पारदर्शक रबर निवडून शायनिंग मारू नका, आईच्या रश्शातली हळद एका जेवणात त्यांना पिवळं करते. मी आता गडद निळे घेते. लोकलच्या गर्दीत कुणाचं कोपर ओठावर बसलं तर काय होतं, ते मात्र मी सांगणार नाही.

तारा निघाल्यावर रिटेनर. सुरुवातीला दिवस-रात्र, पुढे रात्रीचा, आणि तो दोन-चार महिन्यांत सुटत नाही, कारण दात जुन्या जागेकडे परत सरकायला बघतात. शाळेत क्लिपा लावून घेतलेल्या कितीतरी जणांचे दात कॉलेजला येईपर्यंत पुन्हा वाकडे होतात, ते याच कारणाने. कॅन्टीनमध्ये जेवताना रिटेनर टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. ताटाबरोबर तो थेट कचऱ्याच्या डब्यात जातो. त्याची डबी मिळते, ती बॅगेत ठेवा.