थोर कोण? हॉकीरसिकांच्या एका जुन्या वादाविषयी

आमच्या खडकीत मैदानाला लागून एक चहाची टपरी आहे. संध्याकाळी मुलांचा सराव संपला की तिथल्या बाकावर मंडळी जमतात. त्यांत कारखान्यातून निवृत्त झालेले काका असतात, एकेकाळी कंपनीच्या संघातून खेळलेले दादा असतात आणि आमच्यासारखी कॉलेजची पोरेही असतात. विषय एकच. भारताचा सर्वांत थोर हॉकीपटू कोण?

"ध्यानचंदसारखा झाला नाही, होणारही नाही," हे काकांचे ठरलेले वाक्य. "काका, तुम्ही तरी त्याला खेळताना कुठे पाहिलंय?" हा आमचा ठरलेला प्रश्न. "माझ्या वडिलांनी सांगितलंय," हे त्यांचे ठरलेले उत्तर. दादा मंडळींपैकी कोणी बनारसच्या महंमद शाहीदचे नाव घेतो, कोणी आमच्याच खडकीत जन्मलेल्या धनराज पिल्लेचे. आम्ही पोरे हरमनप्रीत सिंग आणि श्रीजेश यांची बाजू लढवतो. अंधार पडतो, टपरीवाला बाक उचलायला येतो आणि खटला दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो.

हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पूर्वी मला तो निव्वळ करमणुकीचा वाटे. आता वाटते की भांडणारे तिघेही 'हॉकी' हा एकच शब्द उच्चारतात, पण तिघांच्या डोळ्यांपुढचा खेळ वेगळा असतो. हे कसे, ते सांगण्याचा या लेखात प्रयत्न करतो.

प्रथम काकांची बाजू पाहू. ध्यानचंद १९२८ (ॲम्स्टरडॅम), १९३२ (लॉस एंजेलिस) आणि १९३६ (बर्लिन) अशा तीन ऑलिंपिक स्पर्धा खेळले आणि तिन्ही वेळा भारताला सुवर्णपदक मिळाले. १९२८ मध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. त्या २९ पैकी १४ गोल ध्यानचंदांचे होते. १९३५ च्या न्यूझीलंड दौऱ्यात संघ ४८ सामने खेळला, आणि ध्यानचंदांच्या नावावर २०१ गोल लागले. बर्लिनच्या अंतिम सामन्यात कर्णधार ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८–१ असे हरवले. तारीख होती १५ ऑगस्ट १९३६. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला.

आकडे ऐकून माणूस गप्प होतो. पण विद्यार्थ्याने आकड्याच्या मागेही पाहावे. १९३२ मध्ये हॉकीच्या स्पर्धेत अवघे तीन संघ होते: भारत, जपान आणि अमेरिका. भारताने जपानला ११–१ आणि अमेरिकेला २४–१ असे हरवले व दोन सामन्यांत सुवर्णपदक पटकावले. या तिन्ही स्पर्धांत ब्रिटनचा हॉकी संघ उतरलाच नव्हता. १९३५ च्या दौऱ्यातले बरेच सामने स्थानिक संघांविरुद्ध होते. म्हणजे ते २०१ गोल आणि आजच्या खेळाडूचे आंतरराष्ट्रीय गोल एकाच तराजूत घालता येत नाहीत.

एवढे ऐकून आमच्यातला एखादा पोरगा म्हणतोच, "बघा, समोर कोणी नव्हतंच!" हेही बरोबर नाही. बर्लिनला पोहोचल्यावर सरावाच्या सामन्यात जर्मनांनी भारताला ४–१ असे हरवले होते. संघाने मग अली दारा यांना तातडीने हिंदुस्थानातून बोलावून घेतले. ज्यांच्याकडून महिन्याभरापूर्वी मार खाल्ला, त्यांच्याच मैदानावर त्यांना आठ गोल मारणे हा पोरखेळ नव्हे. हेच दारा पुढे १९४८ मध्ये पाकिस्तानच्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार झाले. फाळणीने हॉकीचीही वाटणी झाली.

म्हणूनच बलबीर सिंग (थोरले) यांचा विचार वेगळा करावा लागतो. १९४८ मध्ये लंडनला अंतिम सामन्यात भारताने ब्रिटनला ४–० असे हरवले, त्यांतले दोन गोल बलबीर यांचे. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध भारताने केलेल्या सहा गोलांपैकी पाच एकट्या बलबीर यांचे. १९५६ मध्ये मेलबर्नला ते कर्णधार होते आणि बोट मोडलेले असताना खेळले. तीन सुवर्णपदके त्यांचीही. पण आता समोर पाकिस्तान होता, म्हणजे त्याच मातीत, त्याच पद्धतीने तयार झालेला संघ. मेलबर्नचा अंतिम सामना भारताने पाकिस्तानविरुद्ध जिंकला तो १–० असा. १९६० मध्ये रोमला पाकिस्तान १–० ने जिंकला आणि १९६४ मध्ये टोकियोला पुन्हा भारत १–० ने. चोवीस गोलांचे दिवस संपले होते. खेळाडू हलके झाले म्हणून हे घडले नाही. प्रतिस्पर्धी तोडीस तोड झाला होता. तरीही टपरीवर बलबीर यांचे नाव क्वचितच निघते. ध्यानचंदांभोवती गोष्टी जमल्या आहेत. स्टिकमध्ये लोहचुंबक असल्याच्या संशयाने ती मोडून पाहिल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. जिथे चित्रफीत नसते तिथे दंतकथा जागा भरून काढते. बलबीर यांच्या वाट्याला तसे काही आले नाही, नुसते गोल आले.

आता खेळ कसा बदलला ते पाहू, कारण वादाची खरी किल्ली तिथे आहे.

पहिला बदल मैदानाचा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा भारत तिथे सातवा आला. सुवर्णपदक न्यूझीलंडने आणि रौप्यपदक ऑस्ट्रेलियाने नेले. यांत नेमके काय घडले असावे, हे पुस्तकातून मला नीटसे कळत नव्हते. ते कळले स्वतःच्या फजितीतून.

मी मुरमाच्या मैदानावर खेळायला शिकलो. तिथे चेंडू उडतो, वळतो, मध्येच मरतो. त्यामुळे आपण आपोआप चेंडू स्टिकला चिकटवून ठेवायला शिकतो, मनगट हलते ठेवतो, चेंडू आधी थांबवतो आणि मग पुढे पाहतो. दोन वर्षांपूर्वी एका निवड चाचणीला गेलो. ती कृत्रिम हिरवळीवर होती. पाणी मारलेल्या त्या गालिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला. पहिलाच पास माझ्या स्टिकखालून निघून गेला. दुसरा अडवला, पण मान वर करेपर्यंत दोघे अंगावर आले होते. चेंडू सरळ आणि वेगाने येत होता. तो उडणार नाही याची सवयीच्या मुलांना खात्री होती, म्हणून ती चेंडूकडे न बघता माणसांकडे बघत होती. मी मात्र चेंडूकडेच बघत होतो. पंधरा मिनिटांत मला बाहेर बसवले. निवड झाली नाही, आणि त्यात अन्यायही काही नव्हता. त्या दिवशी त्या मैदानावर मी खरोखरच कमी पडलो होतो.

घरी येताना बसमध्ये मला १९७६ चा भारतीय संघ आठवला. जगज्जेते होते ते! आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, क्वालालंपूरला अजितपाल सिंगच्या नेतृत्वाखाली त्यांनी पाकिस्तानला २–१ असे हरवून विश्वचषक जिंकला होता आणि विजयी गोल ध्यानचंदांच्या मुलाने, अशोककुमारने केला होता. वर्षभरात त्यांचे कसब कुठे नाहीसे झाले नव्हते. पायाखालची जमीन बदलली होती. ओबडधोबड मैदानावर चेंडू ताब्यात ठेवणे ही दुर्मीळ विद्या होती. सपाट गालिच्यावर ती प्रत्येकाला सोपी झाली आणि तिची किंमत उतरली. त्याऐवजी वेग, दम आणि जोरदार अचूक पास यांना भाव आला. श्रीमंत देशांनी गावोगाव अशी मैदाने घातली. आपल्याकडे ती उशिरा आणि मोजक्या ठिकाणी आली.

दुसरा बदल नियमांचा. पूर्वी ऑफसाइडचा नियम होता. चेंडू पुढे येण्याआधीच प्रतिपक्षाच्या गोलापाशी जाऊन उभे राहता येत नसे. खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे ठरावीक गडी असावे लागत, आधी तीन आणि पुढे दोन. म्हणून सेंटर फॉरवर्डला शेजारच्या इनसाइड खेळाडूंशी छोट्या पासांची देवघेव करत भिंत फोडावी लागे. ध्यानचंद आणि त्यांचे बंधू रूपसिंग यांची ख्याती याच देवघेवीची. हा नियम १९९८ पासून कायमचा गेला. त्या काळी बदली खेळाडूही नव्हते. अकरा जण उतरले की सत्तर मिनिटे तेच. आज खेळाडू सारखे आत-बाहेर करतात आणि सामना पंधरा मिनिटांच्या चार भागांत होतो. म्हणून आजचा खेळाडू प्रत्येक मिनिट जीव तोडून पळू शकतो, आणि तसे पळणे त्याच्याकडून अपेक्षितही असते.

तिसरा बदल पेनल्टी कॉर्नरचा. ड्रॅग फ्लिकमुळे हा आज गोल करण्याचा मोठा मार्ग झाला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे १० गोल हरमनप्रीत सिंगने केले. तो बचावपटू आहे आणि त्याचे बहुतेक गोल पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवरचे आहेत. बचावपटू स्पर्धेत सर्वाधिक गोल करतो, ही गोष्ट काकांच्या वडिलांना खरी वाटली नसती. पण म्हणून ते गोल खोटे ठरत नाहीत. पुढे धावत येणाऱ्या बचावपटूंच्या मधून चेंडू नेमक्या कोपऱ्यात फेकायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

एक मोठा पक्षपात आम्ही तिन्ही पिढ्या मिळून करतो. आम्ही गोल करणाऱ्यांचीच नावे घेतो. १९२८ मध्ये एकही गोल होऊ न देणारा गोलरक्षक रिचर्ड ॲलन कोणाला आठवतो? १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. तिथे शंकर लक्ष्मण गोलात होता. मधल्या फळीतल्या लेस्ली क्लॉडियसने तीन सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवले. टोकियोच्या स्पर्धेत (२०२१) जर्मनीविरुद्ध ५–४ अशी आघाडी असताना अगदी शेवटच्या सेकंदांत श्रीजेशने पेनल्टी कॉर्नर अडवला, म्हणून तरी गोलरक्षकाचे नाव टपरीवर पोहोचले.

आणि मुली? १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतला अंतिम सामना बाकावरचे सगळे जण कण्हत सांगतात: पाकिस्तान ७, भारत १. त्याच स्पर्धेत महिलांची हॉकी प्रथमच खेळली गेली आणि एलायझा नेल्सनच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकले. हे मी टपरीवर सांगितले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. आमच्या वादात ते नाव कधी आलेच नव्हते.

पदकांचा मुद्दा सगळ्यांत अवघड. धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. मोडक्या स्टिकने खेळत वाढलेला हा मुलगा १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार झाला. ऑलिंपिक पदक मात्र त्याला मिळाले नाही. उलट १९८० च्या मॉस्को संघाने सुवर्णपदक मिळवले. पण बहिष्कारामुळे तिथे पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया नव्हते. अंतिम सामन्यात स्पेनला ४–३ असे हरवताना त्या संघाचाही कस लागलाच होता. त्यांचे पदक हलके म्हणू नये, तसा धनराजचा रिकामा हातही लहान म्हणू नये. पदक संघाला मिळते, आणि संघ ज्या काळात जन्मतो तो काळ खेळाडू निवडत नाही.

मग थोर कोण? मला वाटते, दोन काळांतल्या खेळाडूंची थेट तुलना करू नये. प्रत्येकाला त्याच्या काळातल्या इतरांशेजारी उभे करावे आणि तो त्यांच्यापेक्षा किती पुढे होता ते पाहावे. या मापाने ध्यानचंदांचे स्थान पहिलेच राहते. काकांना हा निकाल मान्य आहे. मात्र "पुन्हा तसा होणार नाही" हे त्यांचे दुसरे वाक्य मला मान्य नाही. ते वाक्य ऐकत मुरमावर खेळणाऱ्या पोराला वाटते, की थोरपण जन्मतःच मिळते आणि ते वाटून संपले आहे. माझी निवड हुकली तेव्हा मलाही क्षणभर तसेच वाटले होते.

पिंपरीच्या नेहरूनगरात कृत्रिम हिरवळीचे जे मैदान आहे त्याला मेजर ध्यानचंदांचे नाव आहे. ध्यानचंद स्वतः अशा मैदानावर एकही सामना खेळले नाहीत. त्यांना जे मैदान मिळाले त्यावर ते जगात पहिले आले. आजच्या मुलाला आजचे मैदान वेळेवर, लहान वयात मिळाले पाहिजे. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांचा आहे. आता दर रविवारी पहाटेच्या बसने मी त्याला हिरवळीवर खेळायला नेतो. पहिल्या दिवशी त्याचाही चेंडू स्टिकखालून निघून गेला. मागच्या रविवारी त्याने तो अडवला आणि मान वर करून पाहिले.

ही गोष्ट मी काकांना सांगितली. ते म्हणाले, "बरं झालं. पण ध्यानचंद तो ध्यानचंदच." टपरीवाला बाक उचलायला आला होता, म्हणून मी उत्तर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले.