ट्रॅक्टरवरचा चिपर : विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

आपल्या मंडळातील बरीच कुटुंबे आता शहराबाहेर चार-पाच एकर जागा घेऊन राहतात. जागा घेताना झाडी पाहून मन हरखते. पहिल्या वादळानंतर मात्र त्याच झाडीच्या फांद्या उचलताना कंबर मोडते. आमच्या पूर्व पेनसिल्व्हेनियात त्यात ॲश वृक्षांची भर पडली. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा २००२ साली मिशिगनमध्ये प्रथम आढळला आणि २००७ मध्ये आमच्या राज्यात पोचला. आमच्या कुंपणालगतचे अकरा ॲश त्याने एकामागून एक वाळवले. मेलेला ॲश फार ठिसूळ होतो, केव्हा कुठून मोडेल याचा नेम नसतो. म्हणून झाडे पाडण्याचे काम आम्ही व्यावसायिकांना दिले. फांद्या नेण्याचे ते वेगळे पैसे मागत होते, ते वाचवावे म्हणून चिपरचा विचार सुरू झाला.

ज्यांच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे त्यांच्या मनात हा विचार कधी ना कधी येतोच. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चिपर म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला एका शब्दात सांगता येते : कडबाकुट्टी. जड चाक, त्यावर पाती, समोर एक स्थिर पाते, आणि मधून जाणाऱ्या मालाचे तुकडे. कडब्याऐवजी लाकूड, एवढाच फरक. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ शाफ्टमधून त्याला ताकद मिळते. मळणी यंत्र ज्यावर चालते, तोच हा शाफ्ट.

खरेदी करताना पहिली चूक होते ती हॉर्सपॉवरच्या हिशेबात. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो, पीटीओपर्यंत त्याहून कमी ताकद पोचते. आमचा ट्रॅक्टर २५ हॉर्सपॉवरचा म्हणवतो, पीटीओवर जेमतेम २० मिळतात. चिपरच्या पुस्तिकेत पीटीओ हॉर्सपॉवरची अट असते, ती पाहावी. एवढ्या ताकदीला चार इंची चिपर ठीक. दुकानदार सहा इंची दाखवील, मोहात पडू नये. चार इंची म्हणजे चार इंचांची फांदी एखादवेळी जाईल असे समजावे. दिवसभर सुखाने चालायचे तर अडीच-तीन इंच धरून चला. त्याहून जाड लाकूड चिरून सरपणाला ठेवणेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न फांदी आत जाते कशी हा. स्वस्त यंत्रात पातीच फांदी ओढून घेतात. ती वाकडी-तिकडी असेल तर अडकते. महाग यंत्रात हायड्रॉलिक रोलर असतो, तो ठरावीक वेगाने ओढतो आणि एक दांडी ढकलली की थांबतो किंवा उलटा फिरतो. आम्ही पैसे वाचवले आणि पहिला प्रकार जुन्या बाजारातून आणला.

त्या वर्षी ऑक्टोबरात वडील आले होते. नाना शेतकरी माणूस, वय चौऱ्याहत्तर, बसून राहणे ठाऊक नाही. मी पाठ फिरवून फांद्यांची मोळी उचलत होतो. वळून पाहतो तर तोंडाशी अडकलेली दुबेळकी फांदी आत रेटण्यासाठी नानांनी पाय उचलला होता. कानावर संरक्षक लावलेले, त्यामुळे माझी हाक त्यांना ऐकूच गेली नाही. मी धावत जाऊन पीटीओ बंद केला. ट्रॅक्टरचा आवाज उतरला तसे यंत्र थांबले असे समजून नाना आत वाकून बघू लागले. चाक फिरतच होते! जड चाक पीटीओ बंद केल्यावरही मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ फिरत राहते. मी त्यांना खांद्याला धरून मागे ओढले. गावी आमच्या शेजाऱ्यांची चार बोटे कडबाकुट्टीत गेली तेव्हा त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात नेणारे हेच नाना. माहीत असूनही पाय उचलला गेला, कारण अडकलेले काम पुढे रेटणे हा हातापायांचा स्वभावच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या महिन्यात ते यंत्र विकले आणि हायड्रॉलिक रोलरचे घेतले. रोलरचे यंत्र आपोआप सुरक्षित असते असे मात्र समजू नका. रोलर फांदीसकट बाहीही ओढतो, आणि सोडत नाही. म्हणून आमच्या घरचे नियम सांगतो. फांदीचे जाड टोक आधी घालायचे, बाजूला उभे राहायचे, फांदी पकडली गेली की हात सोडून मागे सरायचे. छोटे तुकडे हाताने घालायचे नाहीत, ते लांब फांदीवर ठेवून किंवा लाकडी काठीने सारायचे. अडकले तर इंजिन बंद, किल्ली खिशात, चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, मगच झाकण उघडायचे. एकट्याने चालवायचे नाही. मुलांनी आणि पाहुण्यांनी पंधरा पावलांच्या आत यायचे नाही, मग पाहुणे वडील का असेनात.

कपड्यांबद्दल आपल्या लोकांना वेगळे सांगावे लागते. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० वेळा, म्हणजे सेकंदाला ९ वेळा फिरतो. तीन इंच जाडीचा सांधा धरला तर सेकंदाला सुमारे सात फूट कापड गुंडाळले जाते. पाचवारी साडीला दोन-सव्वादोन सेकंद पुरतात. ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, गळ्यातली साखळी, स्वेटशर्टच्या टोपीची लोंबती नाडी, सारे घरात ठेवून यावे. हातमोजे मनगटाशी घट्ट बसणारे हवेत. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कवच फुटले असेल तर नवे बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. नवीन शाफ्ट बहुधा आपल्या ट्रॅक्टरच्या मापाने कापावा लागतो. फार लांब राहिला तर ट्रॅक्टरचे बेअरिंग फोडतो, फार आखूड झाला तर सुटून येतो. हे काम पहिल्यांदा जाणत्याकडून करून घ्यावे.

कानांचे म्हणाल तर, नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकन सरकारी संस्था ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही मर्यादा मानते. पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. चिपर तिथवर सहज जातो. डोळ्यांना चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी. आणि झाडावर चढलेली पॉयझन आयव्हीची वेल कधीही चिपरमध्ये घालू नये. वाळलेल्या वेलीतही ते तेल टिकते, आणि भुशाबरोबर अंगभर उडते.

आता पैशांचे. आमच्या भागात ओढून आणायचा चिपर दिवसाला साधारण तीनशे डॉलर भाड्याने मिळतो. आमचे नवे यंत्र साडेतीन हजारांच्या घरात पडले. वर्षातून दोनदा भाड्याने आणणाऱ्याला हिशेब जुळायला सहा वर्षे लागतात. त्यात पात्यांना धार लावणे आणि शिअर बोल्ट यांचा खर्च धरलेला नाही. वाळके लाकूड आणि माती लागलेली मुळे पाती लवकर बोथट करतात. भुसा तुकड्यांऐवजी तंतूंसारखा येऊ लागला की धार गेली असे समजावे. अर्धा एकर जागा असणाऱ्यांनी यंत्र घेऊच नये. बऱ्याच टाउनशिप फांद्या उचलून नेतात किंवा टाकायला जागा देतात, आधी तिथे फोन करावा.

यंत्र फक्त घराच्या आवारासाठी असेल तर करात काही सवलत नाही. खरोखर शेतीचा व्यवसाय असेल आणि शेड्यूल एफ भरत असाल, तर व्यवसायाच्या वापराच्या प्रमाणात खर्च वजा करता येतो. सेक्शन १७९ खाली तो पहिल्याच वर्षी दाखवायचा तर व्यवसायाचा वापर निम्म्याहून जास्त असावा लागतो. परसातल्या मेथी-कोथिंबिरीला आयआरएस शेती मानणार नाही. चार घरांनी भिशीसारखे पैसे घालून यंत्र घ्यावे अशी सूचना आमच्याकडे निघाली होती. मी विमा एजंटला विचारले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, "दुसऱ्याच्या आवारात कोणाला लागले तर जबाबदारी कोणाची?" त्याचे उत्तर लेखी ठरवता येत नव्हते, म्हणून बेत सोडला. आता कोणी मागितले तर यंत्र देत नाही, ट्रॅक्टर घेऊन मीच जातो.

निघालेला भुसा झाडांभोवती तीन इंच जाड पसरावा, पण बुंध्यापासून वीतभर लांब. बुंध्याशी ढीग केला तर साल कुजते. भाजीच्या वाफ्यात तो मातीत मिसळू नये, कुजताना मातीतला नायट्रोजन खातो. वरच राहू द्यावा. आमच्या अकरा ॲशच्या फांद्यांचा भुसा दोन हिवाळे पुरला, आणि उरलेला कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनी मागून नेला.