जड पाणी आणि वाईट पाणी

खेड्यातली एक माय शहरात लेकीकडे राहायला गेली. लेकीच्या घरी दोन तऱ्हेचे पाणी होते. एक नळाचे आणि दुसरे अंगणातल्या बोअरचे.

पहिल्या दिवशी मायने बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत घातली. किती वेळ झाला, तरी डाळ टणकच. मग ती धुणे धुवायला बसली. साबण झिजला, पण फेस काही येईना. दुसऱ्या दिवशी तिने नळाच्या पाण्यात डाळ घातली. डाळ लवकर शिजून मऊ झाली.

माय म्हणाली, "अगं, बोअरचं पाणी वाईट हाय. प्यायला नळाचंच घेत जा."

लेक म्हणाली, "माय, नळ चार दिसाला एकदा येतो. अन् आधी गढूळच पाणी येतं."

"गढूळ गेलं की मागून चांगलं येतं की! चव किती गोड हाय त्याची!"

पंधरा दिवसांनी नातवाला जुलाब लागले. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावी लागली. पोर वाचले. पण घरात सगळ्यांना कोडे पडले. ज्या गोड पाण्यात डाळ शिजते, तेच पाणी पोराला बाधले कसे?

मंडळी, अशी गोष्ट कोणत्याही शहरात घडू शकते. गावातही घडू शकते. म्हणून हे कोडे आपण नीट सोडवू.

पाणी जड कशाने होते?

पावसाचे पाणी हलके असते. ते जमिनीत मुरते. मुरताना हवेतला आणि मातीतला एक वायू त्यात मिसळतो. त्याचे नाव कार्बन डायऑक्साइड. या वायूमुळे पाणी किंचित आंबट होते. चिंचेच्या पाण्याने भांड्याचा डाग जातो ना? तसेच हे पाणी जमिनीतला चुना हळूहळू विरघळवते.

आपल्या परभणी जिल्ह्यात काळी जमीन आहे. तिच्यात ठिकठिकाणी चुनखडीचे खडे सापडतात. तिच्याखाली काळा कातळ आहे. कातळाच्या भेगांत पाणी पुष्कळ काळ साठून राहते. तेथे चुना आणि मॅग्नेशियम नावाचा क्षार त्यात उतरतो. हे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. असे पाणी म्हणजे जड पाणी. विहिरीचे आणि बोअरचे पाणी पुष्कळदा असे जड असते.

परभणी शहराच्या नळाला पूर्णा नदीचे पाणी येते. या नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे. ते १९६८ साली पूर्ण झाले. धरणात पावसाचे वाहून आलेले पाणी साठते. खडकाच्या पोटात ते फार दिवस राहिलेले नसते. म्हणून असे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बहुधा हलके असते.

जड पाण्याने काय होते?

डाळ शिजताना तिचे दाणे फुटून मऊ व्हायला हवेत. पाण्यातला चुना दाण्यात शिरतो आणि दाण्याला घट्ट धरून ठेवतो. म्हणून डाळ टणक राहते.

साबणाचेही तसेच. साबण आधी चुन्याला जाऊन मिळतो. त्याचा पांढरा चोथा होतो. सगळा चुना संपला, की मगच फेस येतो. म्हणजे आपला निम्मा साबण चुन्यातच जातो. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तोही हाच चुना. थर जाड झाला की पाणी तापायला जळण जास्त लागते.

म्हणजे जड पाणी आपला पैसा खाते, जळण खाते आणि वेळही खाते. मग ते जीवही खाते का? नाही. पाण्यातला चुना आपल्या हाडांना उपयोगीच पडतो. जड पाण्याने मुतखडा होतो असे लोक म्हणतात. पण त्याला पक्का पुरावा नाही. उलट उन्हातान्हात राबूनही पाणी कमी प्यायले, तर मुतखड्याचा धोका वाढतो.

सरकारी प्रमाण असे आहे: एक लिटर पाण्यात जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी मिळतच नसेल, तर ६०० पर्यंत चालतो. १५ लिटरच्या हंड्यात ६०० च्या हिशेबाने ९ ग्रॅम क्षार होतात.

वाईट पाणी कोणते?

ज्या पाण्यात रोगाचे जंतू आहेत, ते वाईट पाणी. पटकी, विषमज्वर, कावीळ, जुलाब हे रोग त्यातून होतात. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला कळत नाहीत. पाणी स्वच्छ दिसते, गोड लागते, तरी ते घातक असू शकते.

गोड चवीला फक्त आपणच फसतो असे नाही. १८५४ साली लंडन शहरात एका वस्तीत पटकीची साथ आली. तिथे रस्त्यावर एक हातपंप होता. त्याचे पाणी लोकांना फार आवडे. दूर राहणारी एक बाई मुद्दाम तेच पाणी मागवून पीत असे. तीही पटकीने गेली. त्या साथीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर चौकशी केली आणि या पंपावर बोट ठेवले. मग पंपाचा दांडा काढून टाकला. पुढे कळले, की पंपाजवळच्या घराचा मैल्याचा खड्डा झिरपत होता.

नळाचे पाणी कसे बिघडते?

पाणी टाकीतून शुद्ध होऊन निघते. पण ते आपल्या घरी नळीतून येते. नळी जुनी असते, कुठे फुटलेली असते. कुठे ती गटारातूनच गेलेली असते. नळात पाणी जोरात असते, तोवर पाणी फटीतून बाहेर गळते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते. मग त्याच फटीतून गटाराचे पाणी आत शिरते. नळाला थेट मोटार लावली, तर ती घाण ओढूनच घेते. काही जण जास्त पाणी यावे म्हणून खड्डा करून नळ खाली घेतात. खड्ड्यात सांडपाणी साचते. पाणी गेल्यावर तेही नळीत जाते.

नातवाला बाधले ते पाणी असेच बिघडलेले होते. गल्लीत उकरून पाहिले, तेव्हा गटारात फुटलेली नळी सापडली.

कशावर काय उपाय?

पाणी गढूळ असेल, तर तुरटी फिरवा आणि गाळ बसू द्या. पण तुरटीने जंतू मरतातच असे नाही. तिने जडपणाही जात नाही.

जंतूंसाठी पाणी उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटांनी उतरवा. नाही तर क्लोरिनचे औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका आणि अर्धा तास थांबा. नळाच्या पाण्यात क्लोरिन आहे की नाही, हे ओ. टी. तपासणीने कळते. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरिन आहे.

उकळल्याने थोडा जडपणाही जातो. चुना खाली बसतो. पण सगळा जडपणा जात नाही. धुण्याच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, तर साबण वाचतो.

आणखी एक गोष्ट. बोअर संडासाच्या खड्ड्याजवळ असेल, तर पाण्यात नायट्रेट उतरते. तान्ह्या बाळाला त्याने धोका असतो, अंग निळे पडते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. म्हणून बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला सांगून नमुना तपासायला पाठवता येतो.

माय आता काय करते?

लेकीच्या घरी आता नवा रिवाज आहे. नळ आला की आधीचे पाणी धुण्याला. मागचे गाळून, उकळून, झाकून प्यायला. डाळ नळाच्या पाण्यात शिजते. बोअरचे पाणी भांड्याला आणि धुण्याला. गल्लीतल्या लोकांनी अर्ज दिला आणि नळी गटारातून बाहेर काढून घेतली.

माय गावी परतली. आता ती शेजारणींना सांगते, "बायांनो, डाळ शिजली म्हणून पाणी चांगलं समजू नका. अन् फेस आला नाही म्हणून वाईटही समजू नका. पाणी तपासा, मगच प्या."

ध्यानात ठेवा

जड पाणी खर्च वाढवते. वाईट पाणी जीव घेते.
चव आणि रंग यांवर भरवसा ठेवू नका.
फुटकी नळी दिसली, तर त्याच दिवशी कळवा.