पिशव्या ६०, पण 'एन' किती? स्ट्रॉबेरीच्या रनरने शिकवलेला धडा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा एक अख्खा हंगाम वाया गेला. कीड नाही, पाऊस नाही. चूक माझ्या मोजण्यात होती. तुमची होऊ नये म्हणून हे सांगतोय.

आधी रोपाबद्दल. लागवडीची स्ट्रॉबेरी बियांपासून करत नाहीत. ती मुळातच संकरित आणि अष्टगुणित (गुणसूत्रांचे आठ संच), त्यामुळे बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणून वाई-महाबळेश्वर भागात परदेशातून मदर प्लांट आणतात, पावसाळ्यात त्यांच्यापासून रनर धरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती रोपं शेतात लावतात.

रनर म्हणजे जमिनीवर पसरणारं लांब, बारीक खोड. दिवस मोठा आणि हवा उबदार असली की ते जोमाने फुटतात. रनरचा पहिला सांधा बहुधा रिकामा जातो, दुसऱ्यावर पिल्लू रोप येतं. तिथून रनर पुढे सरकतो आणि दुसरं पिल्लू, मग तिसरं. पिल्लाच्या बुडाशी मुळांचे कोंब तयारच असतात. ओल्या मातीला टेकले की पांढरी मुळी धरते. तोवर पाणी आणि अन्न आईकडून रनरमधूनच येतं. साधारण तीन-चार आठवड्यांनी पिल्लू स्वतःच्या मुळांवर उभं राहिलं, की रनर कापायचा.

आता माझा प्रयोग. प्रश्न सोपा होता: पिशवीत कोकोपीट भरलं तर मुळं जास्त येतात, की माती-शेणखत भरलं तर? सहा मदर प्लांट होते. सोयीचं पडावं म्हणून तिघांभोवती कोकोपीटच्या पिशव्या मांडल्या, उरलेल्या तिघांभोवती मातीच्या. प्रत्येक आईची १० पिल्लं, म्हणजे एकूण ६०. मुळं धुतली, वाळवली, वजनं घेतली, टी-टेस्ट लावली. पी व्हॅल्यू इतकी छोटी आली की मी खुशीत मॅडमकडे गेलो.

मॅडमनी एकच विचारलं, "तुझा एन किती?"

"प्रत्येक गटात ३०, मॅडम."

"नाही. तीन."

एका आईची १० पिल्लं म्हणजे १० स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. ती एकाच नळाचं पाणी प्यायलेली असतात. आई सशक्त असेल तर दहाही सशक्त. आईत विषाणू असेल तर तो रनरमधून पिल्लांतही उतरतो. आणि मी माध्यम पिल्लागणिक नाही, आईगणिक बदललं होतं. म्हणजे प्रायोगिक एकक आई होती. १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं, म्हणजे खोटी पुनरावृत्ती. प्रत्येक आईची सरासरी काढून तीन विरुद्ध तीन अशी तुलना केली, तर दाखवण्यासारखा फरक उरलाच नाही.

आणखी एक घोळ होता. मातीच्या पिशव्या आठवडाभर उशिरा भरल्या, म्हणून त्यांत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची पिल्लंच जास्त गेली. पहिलं पिल्लू वयाने मोठं, त्याची मुळं आधीच पुढे. मग फरक माध्यमाचा की वयाचा? सांगता येत नव्हतं.

रनरचा हंगाम पुन्हा वर्षानेच. पुढच्या वर्षी मांडणी बदलली. प्रत्येक आईची फक्त पहिल्या क्रमांकाची पिल्लं घेतली, त्यांतली निम्मी कोकोपीटमध्ये, निम्मी मातीत, आणि कोणतं कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवलं. आता प्रत्येक आई हाच एक ब्लॉक, आणि तुलना एकाच आईच्या पिल्लांमध्ये. आईमुळे पडणारा फरक आपोआप बाजूला होतो. तरी एन सहाच, म्हणून या वेळी मदर प्लांट वाढवले, पिशव्या नाही. आणि सगळ्या आया एकाच वाणाच्या, म्हणजे निष्कर्षही त्या वाणापुरताच.

तुमचा विषय स्ट्रॉबेरी नसेलही. एकाच फ्लास्कमधल्या पेशी, एकाच वर्गातले विद्यार्थी, एकाच तळ्यातले मासे, सगळीकडे हाच पेच आहे. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा पिशव्या मोजण्याआधी आया मोजा.