चाबकाविना चाबूकस्वार

मुलांनो, तुमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे का? असला तर जरा निरखून बघा. देव घोड्यावर बसलेला असतो आणि बहुतेक टाकांत घोड्याच्या पायाशी एक कुत्राही असतो. मार्गशीर्षात आपल्या हिंगोलीकडची माणसं नांदेड ओलांडून लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला जातात, ती याच खंडोबाची यात्रा. तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, चाल बघतं, आणि मग हळूच विचारतं, "खोड काय हाये?"

खोड म्हणजे वाईट सवय. एखादा घोडा लाथा झाडतो, एखादा चावतो, एखादा साधा कागद उडाला तरी बुजतो. कुत्र्यांनाही खोडी असतात. काही कुत्री येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावतात, काही रात्रभर केकाटतात. या खोडी घालवायच्या कशा? घोड्याला शिकवणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत जुना शब्द आहे 'चाबूकस्वार'. बघा, शब्दातच चाबूक! मग जनावर चाबकानंच शिकतं की काय?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो काळ्यामुळे. काळ्या हा माझ्या चौथीतल्या एका मुलाच्या आखाड्यावरचा कुत्रा. आखूड साखळीनं दिवसभर बांधलेला. कुणी जवळ आलं की दात विचकून अंगावर यायचा. एकदा त्यानं शेजारच्या आजोबांचं धोतर फाडलं. वडील म्हणाले, "लई मारून पाह्यला, सुधरंना. आता दूर नेऊन सोडतो." ते पोरगं वर्गात रडायला लागलं. "सर, त्याला तिकडं कोण भाकर देईल?"

काळ्याचं काय झालं ते सांगतो, पण आधी एका घोड्याची गोष्ट ऐका.

सावलीला भिणारा घोडा

सिकंदर तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटला असेल. तो लहान असताना त्याच्या वडिलांकडे ब्युसेफलस नावाचा घोडा विकायला आला. तो कुणालाच पाठीवर बसू देईना. मोठमोठे स्वार हरले. सिकंदर मात्र बाजूला उभा राहून नुसता बघत होता. त्याच्या ध्यानात आलं, की घोडा स्वतःच्याच हलत्या सावलीला बुजतोय! त्यानं लगाम धरून घोड्याचं तोंड सूर्याकडे केलं. सावली मागं गेली. त्यानं घोड्याला थोपटलं, शांत होऊ दिलं आणि मग अलगद वर बसला. हा घोडा त्याच्याबरोबर थेट झेलमच्या काठापर्यंत आला आणि इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये, पोरसाशी झालेल्या लढाईनंतर, तिथंच मेला. प्लुटार्क या ग्रीक लेखकानं ही गोष्ट लिहून ठेवली आहे.

सिकंदरानं घोड्याला काहीच शिकवलं नाही. घोडा कशाला भितो एवढंच त्यानं ओळखलं. त्याच्याही आधी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिलं. रागात असताना घोड्याजवळ जाऊ नये, असा सल्ला त्यात आहे. म्हणजे प्रेमानं शिकवणं हे काही आजचं नवं खूळ नाही बरं का!

घोडा एवढा मोठा, मग भितो कशाला? कारण तो गवत खाणारा प्राणी आहे. रानात त्याच्या मागे लांडगे-वाघ लागत. दिसलं काही की पळ, हेच त्याच्या रक्तात आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. म्हणूनच मागून गुपचूप जाणाऱ्याला लाथ बसते. ती खोड नव्हे, ती भीती!

वरातीचा घोडा

आता समजा, नवरदेवाचा घोडा बँडच्या आवाजाला बुजतो. चाबूक मारला तर काय होईल? बँड वाजला की मार बसतो, एवढंच तो शिकेल आणि पुढच्या वरातीत दुप्पट बुजेल.

जाणता माणूस काय करतो? तो घोड्यापुढे चंदी ठेवतो आणि लांबवर अगदी बारीक आवाजात गाणं लावतो. घोडा कान टवकारतो, पण खात राहतो. झालं, आजचा धडा संपला! उद्या आवाज थोडा वाढवायचा, परवा थोडं जवळ आणायचं. खाणं थांबलं, कान मागे चिकटले, की समजायचं आपण घाई केली. मग एक पाऊल मागं यायचं. असं करता करता काही दिवसांनी बँड म्हटला की घोड्याला चंदी आठवायला लागते.

आणखी एक युक्ती. घोडा पुढे येत नसला की आपण दोरी ओढतो, आणि तो आला तरी ओढतच राहतो. त्याला कळणार कसं, की आपलं बरोबर आलं? दोरी हलकी ताणायची आणि त्यानं एक पाऊल टाकलं, की त्याच क्षणी सैल सोडायची. ती सैल दोरी हीच त्याची शाबासकी.

डॉल्फिनला लगाम कसा घालाल?

शाबासकी 'त्याच क्षणी' का? हे जगाला नीट उमगलं ते गंमत म्हणजे डॉल्फिनमुळे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या हवाई बेटांवर कॅरेन प्रायर नावाच्या बाई डॉल्फिनना शिकवत. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही, आणि मारायला गेलं तर तो सरळ पोहून निघून जातो. म्हणून हवं ते त्यानं केलं, की लगेच शिट्टी वाजवायची आणि मग मासा द्यायचा. शिट्टी म्हणजे 'हेच बरोबर!' पुढे हीच रीत कुत्र्या-घोड्यांसाठीही वापरात आली. शिट्टीऐवजी 'टिक' असा आवाज करणारी छोटी डबी आली, एवढाच फरक.

आपल्या मुंबई पोलिसांचा झंजीर कुत्रा आठवतो? १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं. असे किती जीव वाचले असतील! हुंगणाऱ्या कुत्र्यांना हे काम खेळासारखं शिकवतात. ठरावीक वास सापडला की चेंडू मिळतो, कौतुक होतं. मार खाऊन कुणी असं मन लावून शोधेल का?

उलट, शिक्षा कुत्र्याला बहुधा कळतच नाही. सकाळी भाकरी पळवली आणि दुपारी मारलं, तर दोन्हींचा संबंध तो कसा लावणार? "पण सर, तो मान खाली घालतो की!" हो ना. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हेच तपासलं. मालक रागावला की कुत्री तसा चेहरा करत, मग चूक केलेली असो वा नसो! तो चेहरा अपराधाचा नव्हता, आपल्या रागाला दिलेलं उत्तर होतं.

आणि गुरगुरण्याबद्दल मारू तर मुळीच नका. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची सूचना, "मला भीती वाटते, लांब राहा." मारून मारून ती बंद केली तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते. मग तो न गुरगुरता चावतो.

आणि काळ्या?

मी त्या मुलाच्या वडिलांना म्हटलं, सोडायच्या आधी एकदा जनावरांच्या दवाखान्यात दाखवू. डॉक्टरांनी तोंडाला फडकं बांधून मानेवरचे केस बाजूला केले. पट्टा कातड्यात रुतला होता, खाली जखम चिघळली होती. कुणी जवळ आलं की साखळीला हिसका बसायचा आणि कळ मस्तकात जायची. वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत.

जखम धुतली, औषध दिलं, रेबीजची लस टोचली. पट्टा सैल झाला, दोरी लांब झाली. आखाड्यावर येणाऱ्यानं लांबूनच भाकरीचा तुकडा टाकायचा आणि काळ्याकडे टक लावून न बघता निघून जायचं, असं ठरलं. दर दोन-चार दिवसांनी एक पाऊल जवळ. दिवाळीपर्यंत तो शेजारच्या आजोबांना बघून शेपूट हलवायला लागला. काठी हातात असलेल्या माणसावर मात्र अजून भुंकतो. ती आठवण जायला वेळ लागेल, कदाचित जाणारही नाही. पण त्याला नेऊन सोडण्याचं नाव आता कुणी काढत नाही.

मात्र एक बजावून ठेवतो. चावऱ्या कुत्र्याजवळ किंवा लाथाड घोड्याजवळ तुम्ही एकट्यानं जायचं नाही. मोठं, जाणतं माणूस सोबत हवंच. अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळू नका, झाडासारखे स्तब्ध उभे राहा. कुत्रा चावला, ओरखडला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घरी लगेच सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, मिरची, चुना काही लावू नका. आणि मुक्या जनावराला विनाकारण मारणं हा आपल्या देशात १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही गल्लीतल्या दगड मारणाऱ्या दोस्तांना सांगा.

तुमच्या घरी, आखाड्यावर असं एखादं खोडकर जनावर आहे का? मग आठवडाभर लांबूनच त्याच्याकडे बघा, सिकंदरासारखं. ते कधी बिघडतं? कोण आल्यावर? कशाच्या आवाजानं? कुठं हात लागल्यावर? वहीत रोज दोन ओळी लिहा आणि रविवारी ती वही घरच्या मोठ्यांना वाचून दाखवा. काळ्याच्या मालकानं आता तशी वही घातली आहे, पण कुत्र्याची नव्हे. त्यांची म्हैस दूध काढताना लाथ का मारते, ते तो शोधतोय!