एंजिन-बदल व रेडिएटर, जुन्या मोटरगाडीतील

जुन्या मोटरगाडीतील मूळ एंजिन काढून त्याच्या जागी दुसऱ्या घडणीचे वा अधिक शक्तीचे एंजिन बसविले असता, त्या एंजिनातील टाकाऊ उष्णता वातावरणात सोडता यावी यासाठी रेडिएटर, पंखा, रबरी नळ्या व त्यांच्याशी संबंधित भाग यांत करावा लागणारा फेरबदल म्हणजे रेडिएटरचे अनुयोजन होय. एंजिन गाडीत बसते की नाही, हे मोजपट्टीने ठरते. परंतु ते गाडीत टिकते की नाही, हे बहुधा रेडिएटर ठरवितो. शीतन अपुरे पडल्यास सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट फुटते, वंगण तेल पातळ होऊन धारव्यांची झीज होते व बदललेले एंजिन अल्पावधीतच निकामी होते.

पार्श्वभूमी : पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनासाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१ च्या सुमारास मर्सेडीज गाडीसाठी वापरला. हवेशी संपर्क येणारे पृष्ठफळ थोड्या जागेत पुष्कळ वाढविणे, हे त्यामागील तत्त्व आजही तेच आहे. भारतात एंजिन-बदल प्रथम कारखान्यांनीच मोठ्या प्रमाणावर केला. हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीत १,४८९ घ. सेंमी. चे ब्रिटिश घडणीचे एंजिन असे; १९९० नंतरच्या दशकात त्याच सांगाड्यात १,८१७ घ. सेंमी. चे इसुझू एंजिन देण्यात आले. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचे १,१७१ घ. सेंमी. चे एंजिन बसवून ११८ एनई ही गाडी काढली. याच कंपनीच्या पद्मिनी गाडीत १,०८९ घ. सेंमी. चे, सु. ४० अश्वशक्तीचे एंजिन होते. कारखान्यातील अशा बदलात एंजिनाबरोबर शीतनाचा विचार आपोआप होतो. वैयक्तिक पातळीवर गाडी बदलताना मात्र तो बहुधा शेवटी होतो व अडचणींचा उगम तेथेच असतो.

मुंबईतील पद्मिनी टॅक्सींपैकी अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे शिल्लक राहिलेल्या गाड्या आता प्रामुख्याने खाजगी मालकांकडे असून मूळ सुटे भाग मिळेनासे झाले की एंजिन बदलण्याचा विचार पुढे येतो.

स्थानिक परिस्थिती : ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील सलग नागरी पट्टा आहे. दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या जागी वसलेल्या व १९४९ मध्ये नामकरण झालेल्या उल्हासनगरात लघुउद्योगांची दाट वस्ती आहे. अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत. पत्राकाम, डाखकाम, वितळजोडकाम व कातकाम ही अनुयोजनास लागणारी चारही कौशल्ये अशा परिसरात जवळजवळ सापडतात. मात्र याच पट्ट्यातील तीन गोष्टी शीतनास प्रतिकूल आहेत. समुद्रकिनाऱ्यापासून आत असल्याने एप्रिल-मे महिन्यांत येथील दुपारचे तापमान मुंबई शहरापेक्षा अधिक असते व ते ४० से. च्या आसपास जाते. शहरांतर्गत रस्त्यांवर वाहतूक मंदगतीने चालते. आणि येथून देशावर जाण्यास कर्जत–खोपोलीमार्गे बोर घाट किंवा मुरबाडमार्गे माळशेज घाट चढावा लागतो. यांखेरीज उल्हास नदीच्या पुराचा उपद्रव आहेच. जुलै २००५ व जुलै २०१९ मधील पुरांत या भागात मोठ्या प्रमाणावर पाणी भरले होते. खोल पाण्यातून गाडी नेल्यास एंजिनावर फिरणारा पंखा पाण्याच्या रेट्याने पुढे वाकून जाळी कापू शकतो, तर पाणी ओसरल्यावर जाळीत राहिलेला गाळ हवेची वाट अडवितो.

उष्णतेचा हिशोब : पेट्रोल एंजिनात इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक चतुर्थांश ते तीस टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर होते, जवळपास तितकीच शीतलकात जाते आणि उरलेली मुख्यत्वे निष्कास वायूंबरोबर बाहेर पडते. म्हणून पूर्ण शक्तीवर चालणारे एंजिन जेवढी शक्ती देते, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते, असे धरण्यास हरकत नाही. जुन्या अँबॅसडरचे सु. ५० अश्वशक्तीचे (३७ किवॉ.) एंजिन काढून सु. ७५ अश्वशक्तीचे (५५ किवॉ.) एंजिन बसविल्यास ही कमाल उष्णता सु. दीडपट होते. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या पाण्याच्या तापमानांत ७ से. चा फरक धरला, तर पहिल्या एंजिनास मिनिटाला सु. ७५ लि. व दुसऱ्यास सु. ११० लि. पाण्याचे अभिसरण लागते. मूळ रेडिएटरच्या नळ्या व तोंडे एवढ्या प्रवाहास पुरतील, असे गृहीत धरता येत नाही.

रेडिएटरची क्षमता शीतलक व बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात बदलते. शीतलक ९५ से. वर असताना २० से. च्या हवेत हा फरक ७५ अंश असतो. बदलापुरातील ४२ से. च्या दुपारी तो ५३ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर तेथे सु. ७० टक्केच काम करतो. वातानुकूलन यंत्राचे संघनित्र रेडिएटरच्या पुढे बसविल्यास आत येणारी हवा आधीच तापते. ती १० अंशांनी तापली, तर क्षमता ६० टक्क्यांच्याही खाली येते. त्यामुळे थंड प्रदेशातील गाडीसाठी दिलेली मापे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

घाटातील स्थिती याहून वेगळी व उद्‌बोधक आहे. प्रवाशांसह १,५०० किग्रॅ. वजनाची गाडी बारास एक या चढावर ताशी ३० किमी. वेगाने नेण्यास चाकांपाशी सु. १२ किवॉ. शक्ती पुरते. गाडी तीच, ओझे तेच व वेगही तोच असल्याने नवे एंजिन कितीही मोठे असले, तरी येथे शक्तीची गरज वाढत नाही. शीतलकात जाणारी उष्णता १५ ते २० किवॉ. म्हणजे कमाल उष्णतेच्या बरीच कमी असते. तरीही गाडी घाटातच उकळते. याचे कारण हवा होय. ४० सेंमी. लांबी-रुंदीच्या जाळीतून सेकंदाला २ मी. वेगाने हवा गेली, तर ती ४२ से. पासून थेट ९५ से. पर्यंत तापली तरी १९ किवॉ. पेक्षा अधिक उष्णता नेऊ शकत नाही. प्रत्यक्षात ती पूर्णपणे तापत नसल्याने यापेक्षा बरीच कमी नेते. अशा वेळी जाळीची जाडी वाढवून फारसे साधत नाही, कारण मागील नळ्यांपर्यंत पोचेतो हवा तापलेली असते व जाड जाळीचा अडथळाही वाढतो. हवेचा वेग दुप्पट केल्यास मात्र उष्णता वाहून नेण्याची मर्यादाही दुप्पट होते. म्हणून मोकळ्या रस्त्यावरील कमाल शक्तीसाठी जाळीचे क्षेत्रफळ व पाण्याचा प्रवाह, तर घाट व गर्दी यांसाठी पंखा महत्त्वाचा ठरतो. यांपैकी एकाचाच विचार करणे, ही अनुयोजनातील सर्वांत सामान्य चूक होय.

जाळी व टाक्या : जुन्या गाड्यांत तांबे व पितळ यांची जाळी, पितळी टाक्या आणि कथिल-शिशाचे डाख असत. वरच्या टाकीतून खालच्या टाकीत पाणी उतरण्याची रचना त्यांत प्रचलित होती. असा रेडिएटर साध्या साधनांनी उघडून साफ करता येतो व मूळ टाक्या कायम ठेवून त्यांत नळ्यांच्या अधिक ओळी असलेली नवी जाळी बसविता येते. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता तांब्याच्या सु. साठ टक्के असली, तरी त्याच्या रुंद नळ्या वजनाने हलक्या व डाखाच्या थराविना जोडलेल्या असल्याने त्याची जाळी कमी पडत नाही. मात्र तिची दुरुस्ती अवघड असते. जागा परवानगी देत असेल, तर जाडी वाढविण्यापेक्षा उंची व रुंदी वाढविणे केव्हाही श्रेयस्कर. अँबॅसडर व पद्मिनी या गाड्यांत स्वतंत्र चौकट नसून शरीराचा पत्राच भार वाहतो. म्हणून पुढील आडवा पत्रा कापल्यास सांगाडा दुर्बल होतो. रेडिएटर रबरी गाद्यांवर बसवावा. तो ताठ जखडल्यास सांगाड्याच्या पिळाने डाखाचे सांधे फुटतात.

पंखा : नवे एंजिन लांबीने अधिक असल्यास पंख्यास जागा उरत नाही व विजेचा पंखा लावावा लागतो. तो जाळीच्या मागे राहून हवा खेचणारा असावा. पुढे बसविलेला पंखा वेगात जाताना हवेला अडथळा करतो. पंखा व जाळी यांच्याभोवती पत्र्याचे आवरण नसेल, तर पंखा बरीचशी एंजिनालगतची तापलेली हवाच फिरवीत राहतो. एंजिनावरील पंखा कायम ठेवल्यास, एंजिन रबरी आधारांवर हलते हे लक्षात घेऊन तो व जाळी यांत सु. २५ मिमी. अंतर ठेवतात. डायनॅमो असलेल्या गाडीत एंजिन मंद चालत असताना पुरेसा विद्युत् प्रवाह मिळत नाही व नेमक्या त्याच वेळी विजेच्या पंख्याची गरज असते. म्हणून ऑल्टरनेटर बसविणे आवश्यक ठरते. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत विद्युत् घटमालेचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तेथे पंख्याची जोडणी उलटी झाल्यास तो उलट फिरतो.

नळ्या, टोपण व पाणी : एंजिन व रेडिएटर यांच्या तोंडांचे व्यास न जुळल्यास आकुंचक जोड वापरावा, नळी ताणून किंवा पट्टीने आवळून बसवू नये. पंपाकडे जाणारी खालची नळी चोषणाने चपटी होऊ शकते, म्हणून तीत तारेची कमान घालतात. एंजिनाचा सर्वांत उंच भाग रेडिएटरच्या टोपणापेक्षा वर असल्यास तेथे हवा अडकते. अशा रचनेत सर्वांत उंच जागी भरणटाकी द्यावी लागते. दाबाचे टोपण पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविते : वातावरणापेक्षा ०·५ बार अधिक दाबास तो सु. १११ से. व ०·९ बार अधिक दाबास सु. ११९ से. असतो. परंतु कमी दाबासाठी बनविलेल्या जुन्या रेडिएटरवर नव्या एंजिनाचे अधिक दाबाचे टोपण लावल्यास डाखाचे सांधे फाटतात.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा कार्यशाळांतून रूढ आहे. ज्या एंजिनात थर्मोस्टॅट उघडताना उपमार्ग बंद होतो, तेथे तो काढल्यास काही पाणी रेडिएटरला वळसा घालून एंजिनातच फिरत राहते व अपेक्षित परिणामाच्या उलट घडते. नळाच्या वा कूपनलिकेच्या कठीण पाण्यामुळे नळ्यांत क्षार साचतात, तर ॲल्युमिनियमचे हेड व तांब्या-पितळेचा रेडिएटर एकाच मंडलात आल्यास गंजण्याची क्रिया वाढते. म्हणून खनिजरहित पाणी व गंजरोधक शीतलक वापरतात.

चाचणी : वरच्या व खालच्या नळीचे तापमान मोजून दोष ओळखता येतो. दोहोंत फरक बराच मोठा असल्यास पाण्याचा प्रवाह कमी आहे, असे समजावे. फरक अल्प व दोन्ही नळ्या अतितप्त असल्यास हवा किंवा जाळीचे क्षेत्रफळ अपुरे आहे. ही चाचणी पावसाळ्यात किंवा पहाटे न घेता उन्हाळ्याच्या दुपारी, गाडी उभी ठेवून व नंतर चढावर घ्यावी.

कायदा व जतन : मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, एंजिन बदलण्यापूर्वी नोंदणी प्राधिकरणाची मान्यता लागते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील वाहनांसाठी कल्याणचे परिवहन कार्यालय आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पुरातन वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीनंतर पन्नासहून अधिक वर्षे झालेली व मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांस पात्र असून सांगाडा, शरीर किंवा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेले वाहन त्यांतून वगळले जाते. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनीने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. एंजिन बदललेल्या अशा गाडीस मात्र हा दर्जा मिळत नाही. त्यामुळे गाडी रोजच्या वापरात ठेवावयाची की मूळ रूपात जपावयाची, याचा निर्णय एंजिन उतरविण्यापूर्वीच घेणे इष्ट ठरते. बदल करावयाचाच झाल्यास नवा रेडिएटर मूळ छिद्रांवर बोल्टने बसणाऱ्या स्वतंत्र पट्ट्यांवर बसवावा, पत्रा कापू नये आणि मूळ एंजिन, रेडिएटर व पंखा जपून ठेवावेत. असे केल्यास ते भाग पुढे केव्हाही गाडीत पुन्हा बसविता येतात.