झोप न येणारी मुले

मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात, अशी सूचना राज्याचे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये केली आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाचा निर्णयही निघाला. पूर्वप्राथमिकपासून इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा तो निर्णय आहे. तो चांगलाच आहे. परंतु सारा जन्म शाळेत घालविलेल्या आम्हांस त्यात एक मोठी उणीव दिसते. चौथीतले पोर अंथरुणावर पडताच डोळे मिटते. ज्यांना खरोखर झोप येत नाही, ती नववी ते बारावीची मुले-मुली त्या निर्णयाच्या बाहेरच राहिली. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीकडे जाणारा रस्ता पहाटे सहाच्या सुमारास पाहावा. पाठीला ओझे आणि डोळ्यांवर झापड, अशी ही मुले क्लासला निघालेली दिसतात. घरी वडीलमंडळी म्हणतात, ‘रात्री एकपर्यंत जागतो, मग सकाळी उठवत नाही. आळस, दुसरे काय?’

हा आळस नव्हे. अंधार पडल्यावर मेंदूतील एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस सोडू लागते आणि त्यायोगे झोपेची वेळ झाल्याचे शरीरास कळते. वयात येणाऱ्या मुलांत हा रस उशिरा पाझरू लागतो, म्हणून त्यांची झोपेची वेळच पुढे सरकते. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप हवी, असे वैद्यांचे मत आहे. ज्याला रात्री बारापर्यंत झोप येत नाही, त्यास पहाटे पाचला उठविले तर रोज तीन तासांचे कर्ज चढते आणि ते रविवारी फिटत नाही. म्हणूनच तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत असे सुचविले. कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना तसा कायदाच लागू झाला.

हा प्रश्न केवळ जांभयांचा असता, तर आम्ही एवढे लिहिलेही नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. हा शब्द सुशिक्षित घरांतसुद्धा अशुभ समजून टाळला जातो. परंतु पिट्सबर्ग येथील टीना गोल्डस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो प्रत्येक घराने ध्यानी घ्यावा असा आहे. आत्महत्येने गेलेल्या किशोरवयीन मुलांच्या घरी जाऊन त्यांनी चौकशी केली. तेव्हा इतर मुलांच्या तुलनेने या मुलांची झोप अखेरच्या आठवड्यात पुष्कळच अधिक बिघडलेली होती, असे आढळले. आणि खिन्नतेचा विकार हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. ज्याची झोप बिघडली त्या प्रत्येकाच्या मनात असे विचार असतात, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. बहुतेकांच्या मनात ते नसतात. तथापि ज्या मुलाचे मन आधीच पोळले आहे, त्यास रात्री दोन वाजता सगळे घर निजलेले असताना एकटे जागे राहणे फार जड जाते. थकलेल्या मेंदूचा विवेक त्या वेळी मंद असतो. दिवसा क्षुल्लक वाटेल असे अपयश तेव्हा डोंगराएवढे होते आणि बोलावयास कोणी नसते.

आपल्या पूर्वजांना झोपेचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराच्या तीन उपस्तंभांत आहाराबरोबर निद्रेची गणना केली आहे. परंतु आपल्या घरांत मुलांच्या कानी पडते ते विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांचे सुभाषित, आणि त्यातली ‘श्वाननिद्रा’! श्वाननिद्रा म्हणजे सावध झोप, थोडी झोप नव्हे. शिवाय श्वान दिवसभरात एकंदर किती झोपते, हे ज्यांनी आपल्या ओसरीवर पाहिले असेल, ते तरी हा दाखला देणार नाहीत.

आता उपचाराविषयी. पहिली गोष्ट ही, की घरातील कोणाच्याही झोपेच्या गोळ्या मुलास देऊ नयेत. आजी-आजोबांच्या औषधांचा डबा, तसेच शेतीवाडी असणाऱ्यांनी फवारणीची औषधे, ही कुलपातच असावीत. त्यानंतर मुलास डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्याने घोरणे, रक्तातील लोहाची उणीव, थायरॉईडचा विकार, खिन्नता यांपैकी काहीही निद्रानाशाच्या मुळाशी असू शकते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कारण न शोधता केवळ गोळी देणे योग्य नव्हे. दीर्घकाळच्या निद्रानाशावर प्रौढांसाठी तरी प्रथम गोळी न देता विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती वापरावी, असे अमेरिकेच्या वैद्यसंस्थेने २०१६ साली सांगितले. मुलांनाही ती लावता येते. तिची रीत साधी आहे. एक वही करावी आणि त्यात किती वाजता आडवे झालो, केव्हा झोप लागली, केव्हा उठलो, हे दोन आठवडे मुलानेच लिहावे. उठण्याची वेळ रविवारसुद्धा एकच ठेवावी. अंथरूण केवळ झोपण्यासाठी. त्यावर अभ्यास नाही, मोबाइल नाही. सकाळी उठताच उन्हात फिरावे, म्हणजे पुढे सरकलेले घड्याळ हळूहळू मागे येते. काळज्या सायंकाळी कागदावर उतरवून ठेवाव्यात. ज्यांना भयंकर स्वप्ने पडतात, त्यांच्याकडून दिवसा त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहून घेतात व त्याची मनात उजळणी करवितात. त्यानेही गुण येतो.

या पद्धतीत आणखी एक नियम आहे. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसावे, असा तो नियम. ज्या मुलाच्या मनात जिवाविषयी वाईट विचार येतात, त्याने मात्र उठून गच्चीवर किंवा अंधारात एकटे बसणे बरे नव्हे. येथे एकत्र कुटुंबाचा मोठा उपयोग आहे. आजोबांची झोप तशीही तुटकच असते! त्यांच्या खोलीत मंद दिवा असावा आणि ‘हाक मारलीस तर आम्ही रागावणार नाही’ असे मुलास आधीच सांगितलेले असावे. झोपेचे तास मुद्दाम कमी करण्याचाही एक उपाय आहे. तो अशा मुलांवर घरच्या घरी करू नये, कारण काहींच्या मनाचा तोल त्याने अधिक ढळतो. मोबाइलबाबत आमचे मत थोडे वेगळे आहे. तो रागाने हिसकावून घेतल्याने भांडण होते आणि झोप आणखी दूर जाते. रात्री दहाला घरातील सर्वांचे, वडिलांचेसुद्धा, मोबाइल माजघरात ठेवावेत.

झोप सुधारली की आत्महत्येचा विचारही जातोच, असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये. मुलांवरील असे प्रयोग अद्याप थोडे व लहान आहेत. मनाचा उपचार स्वतंत्रपणे चालूच ठेवावा लागतो. परंतु ‘तुला काय झाले आहे?’ या प्रश्नाला जे मूल उत्तर देत नाही, ते ‘रात्री झोप लागते का?’ याचे उत्तर देते. तेथून पुढे बोलणे सुरू होते. मग स्पष्टच विचारावे, ‘जगू नये असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. न्यूयॉर्कमधील दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात तसे काही आढळले नाही. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. उत्तर होकारार्थी आले तर उपदेश करू नये, शपथा घालू नयेत. ऐकून घ्यावे, मुलास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. आमच्या गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात ही सोय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनीसेवाही सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीसुद्धा मराठीत बोलता येते. पोलिसांच्या भयाने मागे राहण्याचे तर कारणच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला शिक्षा करावयाची नसून तिची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे.

दोन-चार आठवड्यांत झोप लागू लागली, म्हणजे घरातील मंडळी सुटकेचा श्वास टाकतात आणि डॉक्टरांकडे जाणे थांबवितात. ते करू नये. पूर्वपरीक्षा, परीक्षा, निकाल आणि प्रवेश असे आणखी चार घाट पुढे असतात, व प्रत्येक घाटात झोप पुन्हा बिघडू शकते. ती वही तोवर चालू ठेवावी. भरली तर दुसरी आणावी.